काचेला चिकटलेलं फ्रेंच चित्र

मागचा हार्डबोर्ड उचलला आणि आतून झावळीची सुकलेली पानं टेबलावर पडली. मूठभर नाही, सुपभर. प्रत्येक पान दुमडून त्याचा क्रूस केलेला. काही पिवळे, काही तपकिरी, खालचे तर हात लावला की चुरा होत होते.

"हे काय रे?" मी विचारलं.

विल्सन टेबलाच्या पलीकडे उभा होता. पन्नाशीचा माणूस, अंधेरीला ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. पण त्या क्षणी शाळेत चोरी पकडल्यासारखा दिसत होता.

"पप्पा ठेवायचे. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळतात ना, ते."

"ते एक ठेवतात. इथं गाडाभर आहेत."

"नवीन आलं की जुनं टाकायचं नसतं, मावशी. चर्चला परत द्यायचं. ते लोक जाळतात, त्याची राख कपाळाला लावतात. पप्पा परत द्यायला विसरायचे. मग फ्रेमच्या मागे फटीतून आत सरकवायचे."

"दरवर्षी?"

"मी लहान होतो तेव्हापासून तरी."

आता मला कळलं, चित्र काचेला का चिकटलं.

फोटोफ्रेमच्या आत काय असतं हे लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. पुढे काच. मग चित्र. त्याच्या मागे पातळ पुठ्ठा आणि सगळ्यात मागे हार्डबोर्ड. काच आणि चित्र यांच्यात थोडी जागा हवी. त्यासाठी आम्ही मौंट घालतो, म्हणजे जाड कागदाची चौकट. ती नसली की चित्र काचेला टेकतं. आमच्या मुंबईची हवा ओली. काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो, चित्राचा रंग मऊ होतो आणि डिंक लावल्यासारखा काचेला बसतो. इथं मौंट नव्हतंच, वर मागून झावळ्यांनी वर्षानुवर्षं चित्राला पुढे ढकललं होतं. समोरून पाहिलं की जिथं चिकटलंय तिथं चित्र ओलं झाल्यासारखं गडद दिसतं. ते नेमकं मधोमध होतं. दोन्ही माणसं काचेला चिकटली होती.

चित्र तुम्ही पाहिलं असेल. उघडं शेत, संध्याकाळची वेळ. एक बाई आणि एक बाप्या मान खाली घालून उभे. त्याची टोपी हातात, तिचे हात छातीशी. पायाशी बटाट्यांची टोपली, बाजूला हातगाडी, लांब चर्चचं टोक. चर्चची घंटा झाली म्हणून काम थांबवून प्रार्थना करतायत. मूळ चित्र फ्रान्सचं, तिथल्या म्युझियममध्ये आहे. त्याच्या छापील नकला आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत भरपूर. वाकोल्यापासून मालाडपर्यंत जुन्या गावठाणांत कुठल्याही घरी जा, देवाच्या फोटोशेजारी हे दोघं दिसतील. माझ्या दुकानातून किती गेले त्याची मोजदाद नाही.

माझं दुकान मालाड वेस्टला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. नवऱ्याने काढलं. तो फ्रेमची लाकडी पट्टी कापायचा, मी खिळे मारायचे. मग मी काच कापायला शिकले. तो गेल्यावर सगळंच मी करते. शाळा चौथीपर्यंत. इंग्लिश वाचता येत नाही, पण चित्र वाचता येतं.

तर विल्सन त्या दिवशी सकाळी चित्र चादरीत गुंडाळून घेऊन आला. गावठाणातलं घर पाडून तिथं बिल्डिंग झाली होती आणि त्यांना नवीन फ्लॅट मिळाला होता. सामान हलवताना त्याला हे चित्र नीट दिसलं. एवढी वर्षं भिंतीवर होतं तेव्हा दिसलं नाही. त्याने फोटो काढून फोर्टमधल्या एका डीलरला व्हॉट्सॲप केला. डीलर म्हणाला, जुनं फ्रेंच असू शकतं, काच काढून क्लोजअप पाठवा.

"माझे आजोबा फ्रेंच बोटीवर कुक होते," विल्सन म्हणाला. "पप्पा सांगायचे, त्यांना कॅप्टनने गिफ्ट दिलं. हे हाताने काढलेलं आहे, मावशी. ओरिजिनल नसलं तरी त्या काळातल्या कोणा पेंटरने केलेलं. तुम्ही फक्त काच काढून द्या."

"आणि निघालं तसं, तर?"

"विकणार. लाखांत जाईल म्हणतो तो."

"घरात कोणाला चालेल का?"

तो चादरीची घडी घालायला लागला. मग म्हणाला, "मम्मी परवापासून माझ्याशी बोलत नाहीये. भिंतीवरून उतरवलं ना. संध्याकाळी याच्यासमोर बसून तिची प्रार्थना असते. पण मी तिला दुसरं आणून देणार आहे. सेम टू सेम. ऑनलाइन मिळतं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला त्यात काही चूक दिसत नव्हती.

मी चित्र उजेडात धरलं आणि माझं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. बघायचं काय असतं, तेही सांगते. ब्रशने काढलेल्या चित्रात रंगाला उंची असते. उजेड तिरका पाडला की ब्रशच्या रेघांची सावली पडते. छापलेलं असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. आजच्या कॅलेंडरचे ठिपके शाळेच्या रांगेसारखे सरळ, सारख्या अंतरावर. जुन्या छपाईचे ठिपके पसरलेल्या रव्यासारखे, लहानमोठे, वेडेवाकडे. या चित्रात रवा होता. आकाशात, बाईच्या ॲप्रनवर, जमिनीत, सगळीकडे. वर कापडाची वीण दिसत होती, पण ती दाबून उठवलेली खोटी वीण. लोकांना कॅनव्हास वाटावा म्हणून तसं करायचे.

"छापील आहे," मी म्हटलं. "जुनं आहे, चांगलं छापलंय. पण छापील."

"काचेतून कसं कळणार तुम्हाला?"

"काचेतून दिसतं म्हणून तर काच लावतात."

"तसं नाही, मावशी. तुमचा अनुभव आहेच. पण तो डीलर आर्टमध्ये शिकलेला आहे. प्लीज, उघडा तर."

आता मी चौथी पास, आणि तो डीलर आर्टमध्ये शिकलेला. मी वाद घातला नाही. मागून उघडते म्हटलं. पुढून काचेला हात लावणार नाही. आणि उघडल्यावर त्या झावळ्या पडल्या.

पट्टीतून काच बाहेर काढली, तर चित्र काचेसकट एक ताट निघावं तसं निघालं. पट्टीखाली झाकलेली कड आता उघडी पडली. खाली पांढऱ्या कागदावर बारीक अक्षरांची एक ओळ होती. विल्सनचे डोळे चमकले.

"बघा! फ्रेंच! सही असेल!"

"सही एवढी सरळ कोण करतं? तुझा फोन धर त्याच्यावर. वाचून दाखवतो ना तो?"

त्याने फोन धरला. फोन जरा वेळ गरगरला, मग स्क्रीनवर ओळ आली. विल्सन मोठ्याने वाचायला लागला आणि अर्ध्यात त्याचा आवाज बारीक झाला. छापखान्याचं नाव होतं, पॅरिस होतं, आणि पुढे, याची नक्कल करण्यास मनाई आहे.

"नक्कलच सांगतेय, माझी नक्कल करू नका," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने ती ओळ डीलरला पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्याने वाचलं. मग फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा त्या माणसाने उचलून "सर, डेकोरेशनसाठी छान आहे, घरीच लावा" म्हणून ठेवला.

"वाट लागली," विल्सन म्हणाला आणि माझ्या स्टुलावर बसला.

"कसली वाट? सकाळी होतं तेच आत्ता आहे."

मला वाटलं, काम संपलं. चित्र परत जोडायचं आणि म्हातारीच्या भिंतीवर पाठवायचं. पण तो उठून म्हणाला, "मावशी, एवढं उघडलंच आहे तर काच बदलून चकाचक करा. रविवारी फादर येणार आहेत नवीन घर आशीर्वादित करायला. त्याआधी लावलेलं असेल तर मम्मी शांत होईल. ते चिकटलेलं सोडवा ना."

"सोडवू नये असं माझं मत आहे."

"ट्राय तर करा. इथं मालाडमध्ये तुमच्यासारखा हात कोणाचा नाही म्हणतात."

इथं मी चूक केली. नाही म्हणून सांगायचं होतं. पण हाताचं कौतुक केलं की मी फसते. सत्तरी ओलांडली तरी ही खोड गेली नाही. विल्सन गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, काच उलटी ठेवली आणि टोपलीच्या बाजूने सुरुवात केली. तिथं चिकटलेला भाग सगळ्यात कमी वाटत होता. कडेला किंचित ओलसर टीपकागद ठेवला, वाट पाहिली, मग बारीक रेशमी दोरा चित्र आणि काच यांच्यामध्ये सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढायला लागले. दोन बोटं आत गेला. छान जातोय असं वाटलं. मग कागद वर आला तो पांढरा.

म्हणजे असं झालं की कागद माझ्याकडे आला आणि रंग काचेवरच राहिला. टोपलीचा रुपयाएवढा तुकडा. मी दोरा सोडला, हात मागे घेतले आणि पंखा बंद केला. मग दहा मिनिटं काहीच केलं नाही. अशा वेळी माणूस सुधारायला जातो आणि उरलेलं घालवतो.

कागद होता तसाच जपून खाली बसवला. वर सपाट लाकूड ठेवून थोडं वजन दिलं. विल्सनला फोन करून सांगितलं, "टोपलीपाशी फाटलं. माझ्या हाताने. आता पुढे करणार नाही. तुझ्या आईला सांग."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "ती ऑलरेडी..."

"मग मी सांगते. नंबर दे."

नंबर दिला नाही. पण सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी शटर उघडत होते तर समोर रिक्षा थांबली आणि त्यातून एक बाई उतरल्या. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात काठी, रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून भांडण चालू. ते जिंकूनच आत आल्या.

"तूच काय गो ती फ्रेमवाली?"

"हो. तुम्ही विल्सनची आई?"

"फिलोमिना. कुठे हाय माझं चित्र? पोरगा म्हणतो, फाटलं."

मी वजन काढलं, काच उचलून त्यांच्यासमोर उभी धरली. त्या चष्मा पुसून जवळ आल्या. बराच वेळ बघितलं.

"कुठे फाटलं?"

"टोपलीत. हे बघा, इथं."

"मला नाही दिसत."

मलाही नीट दिसेना. रंग काचेवर होता तिथंच होता आणि कागद त्याच्या मागे बसला होता. फक्त कडेला केसासारखी एक फिकट रेघ. मी बोट ठेवून दाखवली. न दाखवता चाललं असतं. पण मग ती रेघ वर्षभरानंतर त्यांना दिसली असती आणि मला शिव्या घातल्या असत्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "बटाटे हायेत ना जागेवर. झालं तर मग. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा यापेक्षा जास्त नुकसान झालं."

मी त्यांना स्टूल दिला. चहा मागवला. मग म्हटलं, "तुमच्या पोराला वाटत होतं, हाताने काढलेलं आहे. कॅप्टनने गिफ्ट दिलेलं."

"कुठला कॅप्टन?" त्या हसायला लागल्या, त्यांचा चहा हिंदकळला. "माझ्या सासऱ्याने बांद्र्याच्या जत्रेतून घेतलं. मी सोबत होते, माझं नवीन लग्न झालेलं. दुकानदाराकडे शंभर तसलीच होती, भिंतीला लावलेली. यातलं कुठलं घेऊ म्हणून सासू अर्धा तास उभी. सगळी सारखी, तरी ती निवडते."

"मग कॅप्टनची गोष्ट?"

"माझ्या नवऱ्याची. पाहुणे आले की सांगायचा. बोटीवर सासरा होता ते खरं. बाकी हवा."

"आणि हे तुम्ही पोराला सांगितलं नाही?"

त्या एकदम गंभीर झाल्या. "मी सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? म्हातारीला विकायचं नाही म्हणून खोटं बोलते. म्हटलं, जाऊ दे, बाहेरच्या माणसाकडून ऐकू दे. पण बाय, कोणी येडा खरंच घेऊन गेला असता तर?"

"आणि पोराने तरी विचारलं का तुम्हाला, हे कुठून आणलं?"

"मला? मला तो फक्त जेवलीस का विचारतो."

खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. भिंग काढलं, रवा बघितला, फोनवर फ्रेंच वाचून घेतलं. जिने चित्र दुकानातून घरी आणताना बघितलं ती बाई एका स्टेशनाच्या अंतरावर बसली होती.

मग आम्ही दोघींनी ठरवलं, काच बदलायची नाही. चित्र जिथं चिकटलंय तिथं चिकटलेलंच राहणार. जुनी पट्टीही तीच, कारण फिलोमिनाबाईंना ती बदलायची नव्हती. "त्या सोनेरी चमकणाऱ्या लावू नको, घर हॉटेलसारखं दिसतं," म्हणाल्या. मी पट्टीच्या मागून लाकडाच्या बारीक काठ्या लावून खोली वाढवली. आता मागचा पुठ्ठा चित्राला दाबत नाही, मध्ये हवा आहे. काच बाहेरून पुसली, पण पाणी काचेवर फवारून नाही. फडकं ओलं करून, पिळून, मग पुसायची. फवारलं की पाणी कडेने आत उतरतं. घरोघरी बायका हेच करतात आणि मग डाग कुठून आला म्हणून माझ्याकडे येतात.

राहिल्या झावळ्या. विल्सन जाताना म्हणाला होता, कचऱ्यात टाका. मी टाकल्या नव्हत्या. आमच्याकडे निर्माल्य कचऱ्यात जात नाही, आणि त्यांचंही चर्चला परत द्यायचं असतं हे त्यानेच मला सांगितलं होतं. कापडी पिशवीत भरून ठेवल्या होत्या. फिलोमिनाबाईंनी पिशवी उघडून बघितली.

"अरे माझ्या देवा. सगळ्या? हा माणूस मला सांगायचा, चर्चमध्ये दिल्या म्हणून!"

नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, पण त्यांनी त्याला तिथंच दुकानात फैलावर घेतलं. मग पिशवी काखेत मारून म्हणाल्या, "देते फादरला. एवढी राख पॅरिशमधल्या सगळ्या कपाळांना पुरेल."

"पण यंदाची कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"आतच की."

"आत नाही. पुन्हा तेच होईल." मी पट्टीच्या वरच्या बाजूला बाहेरून एक बारीक पितळी चिमटा लावून दिला. झावळी त्यात खोचायची. एकच बसते. नवीन आली की जुनी काढावीच लागते. त्यांना ते पटलं. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला हा चिमटा आधी भेटायला पायजे होता."

शनिवारी मी स्वतः चित्र लावायला गेले. कांदिवलीला, सातव्या मजल्यावर. मी चित्र देते तेव्हा शक्य असेल तर भिंत बघते. निम्मी चित्रं भिंतीमुळे खराब होतात. विल्सनच्या बायकोला ते टीव्हीच्या वर हवं होतं. मी भिंतीला हात लावला. थंड.

"पलीकडे काय आहे?"

"बाथरूम," ती म्हणाली.

"मग इथं नाही. ही भिंत आतून ओली राहते."

"पण लाइटिंग इथंच केलंय, मावशी. डिझायनरने खास स्पॉट दिलाय."

"स्पॉटखाली कॅलेंडर लाव."

विल्सन खोकला. बाहेरच्या भिंती पावसाचा मार खातात, त्या बाद. राहिली फिलोमिनाबाईंच्या खोलीची आतली भिंत, कोरडी, उन्हाची तिरीप न येणारी. त्या पलंगावर बसून बघत होत्या, पण त्यांना हवी होती ती जागा तीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावली, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागून हवा खेळते. विल्सनने ड्रिल धरलं. भोक वाकडं पाडलं. मी दुसरं पाडून घेतलं.

चित्र लागल्यावर तो आईला म्हणाला, "मम्मी, सॉरी. कॅप्टनचं नाही म्हणे हे."

"तुझ्या बापाला सांग," त्या म्हणाल्या. "आणि ते दुसरं ऑर्डर केलंयस ते कॅन्सल कर."

"तुला कसं कळलं मी ऑर्डर केलंय?"

"डिलिव्हरीवाल्याने फोन मला केला ना, येड्या."

त्यानंतर पहिल्यांदाच त्या त्याच्याशी भरभर बोलायला लागल्या. भोक वाकडं कसं पाडलंस इथून सुरुवात झाली. मी माझी हातोडी पिशवीत टाकली आणि लिफ्टपाशी आले. रविवारी फादर आले, घर आशीर्वादित झालं, चित्र भिंतीवर होतं. हे त्यांनी मला सोमवारी फोन करून सांगितलं. फादरलाही कॅप्टनची गोष्ट सांगितली, तेही सांगितलं. नवऱ्याची आहे, मोडायची कशाला, म्हणाल्या.

पुढच्या महिनाभरात त्यांच्या चर्चमधल्या तीन बायका तेच चित्र घेऊन माझ्याकडे आल्या. तिघींच्या घरी कोणाला ना कोणाला वाटत होतं, आपलं तेवढं खरं आहे. मी आता पद्धत बदलली आहे. जुनं चित्र समोर आलं की भिंग नंतर. आधी विचारते, घरात सगळ्यात म्हातारं कोण, आणि त्यांना घेऊन का आला नाहीत. निम्म्या वेळा भिंग काढावंच लागत नाही.